कमरेला पिशवी, खाली साडू

सोमवार, २ सप्टेंबर

ही वही बायकोने आणली. "घरी येऊन भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा लिहीत जा. भिंतीला तरी जरा आराम," म्हणाली. म्हणून बसलोय. लिहिण्यासारखं आहे काय? झाडावर चढलो, फांद्या तोडल्या, खाली उतरलो. निम्मं आयुष्य एवढ्यातच गेलं.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगता येत नाही, ती इथे लिहून टाकतो. माझा उजवा खांदा गेलाय. हात कानाच्या वर नेला की आतून कुणी चिमटा घेतल्यासारखं होतं. झाडावर चढणाऱ्याचा खांदा गेला हे बाहेर कळलं की लोक आधी विचारपूस करतात आणि मग काम दुसऱ्याला देतात. तेव्हा झाकली मूठ बरी.

आमच्या कामात दोघं लागतात, एक वर आणि एक खाली. वर मी. खाली माझा साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दोर सोडणं, फांद्या ओढून बाजूला लावणं, शिडी धरणं, मध्येच येऊन वर तोंड करून उभं राहणाऱ्यांना हाकलणं ही त्याची खाती. माणूस दणकट, बोलायला कमी, जेवायला बरा. मला दादा म्हणतो. इतक्या वर्षांत आमचं भांडण झालं नाही, कारण तो भांडतच नाही.

नवं काम मिळालंय. एका वृद्धाश्रमाच्या आवारातली झाडं, फार जुनी, फांद्या छपरावर घासतात. वादळाचे दिवस यायच्या आत उरकायचं. पण त्यांची अट आहे की दोघांनी आधी उंचावरच्या प्रथमोपचाराचा कोर्स करायचा. या वयात शाळा.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

कोर्स झाला. शिकवायला एक बाई होत्या, स्वतः झाडावर काम केलेल्या. पहिलं वाक्यच असं की सगळे सरळ बसले. "व्हॅनमधली औषधांची पेटी व्हॅनच्या उपयोगाची. वर तुमचा हात कापला तर ती पेटी वर पोचायच्या आत तुमचं रक्त खाली पोचेल." म्हणून औषधाची छोटी पिशवी चढणाऱ्याच्या अंगावरच हवी. तिच्यात जखमेवर दाबून बांधायची पट्टी, हातमोजे, शिट्टी, आणि दांडी पिळून आवळायचा एक पट्टा. हा आवळपट्टा जखमेच्या वर बांधायचा, एका हाताने, आणि रक्त थांबेपर्यंत दांडी पिळत राहायची. दुखतं. सरावातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारनंतर वरच्यांना आणि खालच्यांना वेगळं केलं. खालच्यांनी झाडावर चढून वर अडकलेला बाहुला उतरवायचा होता. खालचा माणूस वर येऊ शकला नाही तर वरच्याने चढूच नये, असं बाईंचं म्हणणं. पटलं. इतकी वर्षं आम्हाला हे कुणी विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी माझं सर्टिफिकेट हातात मिळालं. साडूला विचारलं तर म्हणे, माझं पोस्टाने येणार आहे. ऑफिसांचं असंच असतं, एकाला हातात आणि एकाला पोस्टाने. दुपारचा डबाही त्याने तसाच परत नेला. थकला असेल.

सोमवार, ९ सप्टेंबर

काम सुरू. साडूचं सर्टिफिकेट आलं की द्या, असं म्हणून आश्रमाने चालवून घेतलं. साडूने आज माझ्या पट्ट्याला पिशवी बांधली. पिशवी कसली, गाठोडं! एकाऐवजी दोन आवळपट्टे, चार दाबपट्ट्या, गॉजचं बंडल, कात्री, वर पाण्याची छोटी बाटली. म्हटलं, "अरे, मी झाडावर चाललोय की दवाखाना उघडायला?"

"असू द्या दादा."

"बाईंनी एक सांगितला होता."

"एक निसटला तर?"

वर फांद्यांत ती पिशवी दहा वेळा अडकली. दुपारी अर्धा माल काढून व्हॅनमध्ये टाकला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मी काढतो, तो भरतो. सकाळी हलकी करून ठेवावी तर चढायच्या वेळी पुन्हा टम्म. हे काय चाललंय? आणि कालपासून चढायच्या आधी मला परीक्षा. शिडीशी उभा करतो आणि म्हणतो, "डावा हात कापलाय. करा." मग मी उजव्या हाताने आवळपट्टा बांधून दाखवायचा. आश्रमातल्या काठीवाल्या आजी समोरच्या बाकावर बसून बघतात. आज म्हणाल्या, "काल यापेक्षा लवकर जमलं होतं."

रविवार, १५ सप्टेंबर

साडूकडे फोन केला, तर मेहुणी म्हणाली सकाळीच बाहेर गेलेत. कुठे? "आहे काहीतरी काम." ती खोटं बोलायला लागली की आवाज गोड होतो, हे मी तिच्या लग्नाआधीपासून ओळखतो.

खांद्याला गरम पाण्याची पिशवी लावून पडून राहिलो.

बुधवार, १८ सप्टेंबर

आज लवकर पोचलो. साडू माझ्या आधीच आलेला, आणि काय बघावं? चढायचा पट्टा अंगात घालून बुंध्याशी उभा! दोन्ही हात खोडावर टेकलेले. मला बघून दचकला. "पट्टा सैल झालाय का बघत होतो," म्हणाला. चेहरा घामाने भिजलेला, सकाळच्या गारव्यात.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोर्समध्ये त्याला चढायला शिकवलं, ते आवडलं असणार. वरच्याला मान असतो, खालच्याला कोण विचारतो? तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, खांदे शाबूत. रविवारी कुठेतरी सरावाला जात असेल. आणि माझ्या कमरेला हे ओझं लादून मी कसा रेंगाळतो ते लोकांना दाखवतोय. साधा माणूस, साधा माणूस म्हणत होतो. शेवटी शत्रू घरातलाच निघाला.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पिशवीची जागा बदलली त्याने. पाठीमागे उजवीकडे असायची, ती आता पुढे मांडीवर बांधतो. मी विचारलं, का? म्हणे, तिथे हात पटकन पोचतो. माझा हात कुठे पोचतो आणि कुठे नाही, याची उठाठेव याला कशाला? मी ओरडलो. तो खाली बघत गाठ मारत राहिला.

आजी बाकावरून म्हणाल्या, "बायकोवर ओरडा, मेहुण्यावर ओरडा, पण खालून दोर धरणाऱ्यावर ओरडू नये." म्हटलं, "आजी, तो मेहुणा नाही, साडू आहे." "मग तर मुळीच नको," म्हणाल्या.

रविवार, २९ सप्टेंबर

आजही तो घरी नव्हता. बायकोला माझा संशय सांगितला. ती हसली नाही, रागावलीही नाही. "तुम्ही दमलायत," एवढंच म्हणाली. हो, दमलोय. सकाळी उठतानाच दमलेला असतो. शर्टात हात घालताना आधी दात आवळावे लागतात. पण दमणं म्हणजे आंधळं होणं नव्हे.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

शेवटचं मोठं झाड उरलंय. तेच सगळ्यात वाईट, शेंड्याकडे पोकळ. हे झालं की साडूला स्पष्ट विचारायचं. वर यायचंय का तुला? ये. मी मोकळा.

असं लिहिलं खरं, आणि मग तेच पुन्हा वाचलं. वर नाही गेलो तर मी करणार काय?

बुधवार, ९ ऑक्टोबर

दवाखान्यात आहे. डावा हात कोपरापासून बांधलेला. उजव्याने लिहितोय, बायकोला वही आणायला लावली. काल जे झालं ते आठवतंय तोवर लिहून काढतो.

एक फांदी हाताच्या टप्प्यात येत नव्हती. अजून थोडं वर जाऊन बसायला हवं होतं, पण त्यासाठी दोर डोक्यावरून फेकावा लागतो, आणि खांद्याने सकाळपासून संप पुकारला होता. म्हणून होतो तिथूनच बाहेर वाकलो. डाव्या हाताने फांदी धरली आणि मोटरची करवत एका हाताने चालवली. असं करू नये म्हणून मी स्वतः लोकांना शिव्या घातल्या आहेत. करवत अडकली, उसळली आणि मनगटाच्या वर बसली.

दुखलं नाही. आधी गरम वाटलं. मग बघितलं तर बाही लाल होऊन गळत होती.

हात आपोआप मांडीवर गेला. खांदा उचलावाच लागला नाही. पिशवी मी सकाळी रिकामी केली होती, निदान तशी माझी समजूत होती. उघडली तर भरलेली. पहिला आवळपट्टा रक्ताने बुळबुळीत होऊन खाली पडला. दुसरा बांधला. दांडी पिळली, ओरडलो, आणखी पिळली. रक्त थांबलं. मग दाताने दाबपट्टी फाडली आणि जखमेवर गुंडाळली.

डोकं गरगरत होतं. हाक मारली, "वर ये रे!"

"आलो दादा!"

खाली बघितलं तर तो शिडीवर होता. भराभर चढला, एवढ्या जोरात की शिडी वाजत होती. शिडी संपली. तिथून खोडाला पट्टा टाकून तो पहिल्या बेचक्यापर्यंत आला. आणि थांबला.

मला वाटलं दम घेतोय. मी वाट बघितली. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती, गाल सालीला चिकटवलेला, डोळे घट्ट मिटलेले. एवढा दणकट माणूस, पण त्याचे पाय इतके थरथरत होते की ते मला वरूनही दिसत होतं.

असा संताप आला म्हणून सांगू! मी इथे मरतोय आणि हा झाडाला कवटाळून बसलाय. पण त्या संतापानेच शुद्ध राहिली. दोरावरची उतरायची गाठ एका हाताने सैल करता येते. थोडी थोडी सोडत, फांद्यांवर आपटत त्याच्यापर्यंत आलो.

"दादा, तुम्ही जा खाली," डोळे न उघडताच म्हणाला. "मी येतो."

"कसा येणार?"

"माहीत नाही."

त्याला तिथे ठेवून उतरता आलं असतं. का नाही उतरलो कोण जाणे. म्हटलं, "डोळे मिटलेलेच राहू दे. उजवा पाय खाली सोड. अजून. अजून. तिथे शिडी आहे."

"नाहीये."

"अरे मी बघतोय ना. आहे."

पाय शिडीला लागला तेव्हा त्याच्या तोंडून लहान मुलासारखा हुंदका आला. एकेक पायरी मी सांगायची आणि त्याने उतरायची. मी शेजारी दोरावर लोंबकळतोय, हाताला पट्टा, पायजम्यावर रक्त. खालून काठीवाल्या आजी ओरडल्या, "आधी कुणाला न्यायचं ते ठरवा, मी गाडी बोलावलीय!"

जमिनीवर पाय टेकले आणि मग मला काही आठवत नाही.

डॉक्टर म्हणाले, पट्टा बरोबर बांधला होता, म्हणून हात राहिला. तुम्हीही राहिलात, असं नंतर म्हणाले.

गुरुवार, १० ऑक्टोबर

साडू दाराबाहेर बसून असतो, असं नर्स म्हणाली. मी सांगितलं, आत सोडू नका.

मला वर यायला सांगू नका, मला भीती वाटते, एवढं एक वाक्य त्याला बोलता आलं नाही. जीव माझा टांगणीला होता, त्याचा नाही. आणि हा माझी जागा घ्यायला निघाला होता! आता त्याचं तोंड बघायचं नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज मेहुणी आली. डबा ठेवला, खुर्ची ओढून बसली, आणि आवाज अजिबात गोड नव्हता.

"भाऊजी, तुम्ही त्यांना आत येऊ देत नाही म्हणे."

"त्याला विचार का ते."

"मी तुम्हालाच सांगायला आलेय." मग तिने जे सांगितलं ते असं. कोर्सच्या दिवशी साडू शिडीच्या निम्म्यावर गेला आणि उलटी केली. नापास. बाईंनी सांगितलं, पुन्हा या, सराव करा. तो दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. दर रविवारी निम्म्यावरून उतरायचा. घरी येऊन जेवायचा नाही. बुंध्याशी पट्टा घालून उभा राहायचा तो यासाठीच.

"मग मला सांगायचं ना!" मी म्हटलं. "आधीच सांगितलं असतं तर मी दुसरा माणूस बघितला असता."

"मी तेच म्हणाले त्यांना, दादांना सांगून टाका. तर काय म्हणाले माहितीय? दुसरा माणूस आला तर दोन दिवसांत ओळखेल की दादांचा खांदा गेलाय. मग दादांना झाडावर कोण चढू देईल? म्हणाले, मी शिकतो, तोवर त्यांच्या कमरेला सगळं बांधून देतो."

खांद्याचं तुम्हाला कुणी सांगितलं, असं कसंबसं विचारलं.

"कुणी सांगायला कशाला हवं? तुम्ही दोन वर्षं डाव्या हाताने केस विंचरताय, भाऊजी."

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. तिलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. मी एकटाच मूठ झाकून बसलो होतो, आणि ती सगळ्यांना दिसत होती.

मेहुणी गेल्यावर बराच वेळ रडलो. लिहायला लाज वाटते, पण वही माझीच आहे. त्याच्याविषयी इथे काय काय लिहिलंय ते मागे जाऊन वाचलं नाही.

नर्सला म्हटलं, बाहेर जो बसलाय त्याला आत पाठवा. साडू आला आणि पायाशी उभा राहिला. "दादा, मी तुम्हाला मारलंच होतं," म्हणाला. मी म्हटलं, "बस आधी." मग डब्यातलं थोडं त्याने खाल्लं, थोडं मी. आमचं बोलणं नेहमीच असं असतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

घरी आलो. दिवसभर झोपलो. उठलो, जेवलो, पुन्हा झोपलो.

बुधवार, २३ ऑक्टोबर

उरलेल्या झाडासाठी आश्रमाने दुसरी जोडी बोलावली. आमचे दोर अजून त्यावरच होते, ते घ्यायला मी आणि साडू गेलो. हात गळ्यात अडकवलेला. दुसऱ्या जोडीत चढणारी एक मुलगी होती, चपळ, बोलत बोलत वर गेली. खालचा तिचा भाऊ. मला आणि साडूला काही काम नव्हतं. शेजारी शेजारी उभे राहून वर बघत होतो.

मी आजवर झाडाखाली असा उभा राहिलोच नव्हतो. वर असलं की हातापुढची फांदी दिसते, पायाखालची दिसते, तेवढंच. खालून वेगळंच असतं. ती मुलगी एका फांदीवरून दुसरीवर पाय टाकायची आणि माझ्या तोंडाला कोरड पडायची. तिचा पाय जरा घसरला, तिने लगेच सावरलं, तिला काहीच वाटलं नसेल. मी साडूचा दंड धरला होता हे मला नंतर कळलं. त्याला सवय होती. हे सगळं तो वर्षानुवर्षं रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघत आलाय, माझ्यासाठी.

मग माझी नजर त्या बेचक्याकडे गेली, जिथे तो त्या दिवशी अडकला होता. वरून ते कितीतरी खाली दिसलं होतं. चार ढांगा आलास आणि थांबलास, असं मी मनात म्हटलं होतं. खालून बघितलं तर आश्रमाचं छप्पर त्याच्या खाली होतं.

"तू तिथवर आला होतास?" मी विचारलं.

"पोचलो कुठे तुमच्यापर्यंत," साडू म्हणाला.

"आलास की."

त्याने मान फिरवली. मी म्हटलं, मी आता वर जाणार नाही. खांदा गेलाय माझा. इतक्या सरळपणे हे वाक्य तोंडातून निघेल असं वाटलं नव्हतं. तो म्हणाला, "बरं." मग त्याने मोठा श्वास सोडला आणि बाकावर जाऊन आजींच्या शेजारी बसला, पाय पसरून. पुढे कामाचं काय, ते नंतर बघू.

घरी येऊन बायकोला सांगितलं, मान भयंकर दुखतेय, दुपारभर वर बघत होतो ना.

"एका दुपारीत?" ती म्हणाली. "माझी लग्न झाल्यापासून दुखतेय."

मी तिच्याकडे बघितलं. ती चेष्टा करत नव्हती. मग ती बामची बाटली घेऊन आली आणि माझी मान चोळायला लागली. मी म्हटलं, आधी तू बस. एका हाताने जमेल तसं चोळून दिलं. खांदा दुखत होता. ती डोळे मिटून बसली होती आणि बराच वेळ उठली नाही.